कापलेले श्वास

९ जानेवारी

तीर्थरूप दाजी,

(तीर्थरूप लिहिलं की तुम्हाला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.)

आपला रॅपचा अल्बम एकदाचा लोकांच्या कानात गेला. ‘पिठी’ आता आपल्या दोघांची राहिली नाही. ताईच्या फर्मानाप्रमाणे तुमचा मोठा फोन माझ्या टेबलाच्या खणात गप पडून आहे आणि लोकांची मतं मी कागदावर उतरवून पाठवतोय. मागच्या गाण्याच्या वेळी तुम्ही फरशी कापायच्या मशीनपाशी उभे राहून कोण काय म्हणालं ते वाचत होतात आणि बोट जाता जाता राहिलं, त्यामुळे ताईचं चुकलं असं म्हणायला मला तोंड नाही. पण आजच्या काळात सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला पोस्टाचं तिकीट चिकटवणारा मी एकटाच असेन. खालचा टायरवाला रोज विचारतो, कोर्टाचं लफडं आहे का?

नियम आपला ठरलेलाच. गोडगोड निवडायचं नाही, कडूही पाठवायचं. फक्त शिव्या गाळायच्या.

तर बसा नीट. एक विद्यार्थी लिहितो, “हा ठोका कशाचा आहे? दातांवर कानस घासल्यासारखं होतं, तरी परत लावतो.” तो तुमच्या मशीनचा आवाज आहे आणि तुम्ही तो शर्टाच्या खिशात रेकॉर्डर लपवून आणलात, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. एका बाईंची तक्रार आहे की शब्द न् शब्द कळतो, त्यामुळे भांडी घासता घासता ऐकता येत नाही, हात थांबतात. एकाला पाचवं गाणं भाषण वाटलं. मलाही वाटलं होतं, मी बोललो नव्हतो. एकानं विचारलंय, “दाजी म्हणजे कोणाचे दाजी?” त्याखाली दुसऱ्याचं उत्तर, “आता सगळ्यांचे.” झालं, माझा हक्क गेला.

सगळ्यात जास्त चाललंय ते तिसरं, ‘पांढरा’. या चार ओळी जो तो एकमेकांना पाठवतोय:

कामावर जातो काळा, घरी येतो पांढरा,
दारात बायको विचारते, कुठला हा म्हातारा?
बादलीभर पाण्यात उतरतं माझं वय,
रोज थोडं म्हातारं व्हायची झाली सवय.

आणि शेवटचं ‘पट्टा’! तिथं तर मारामारी लागलीय. “हा माणूस श्वास घेतो कुठं?” “छाती आहे की लोहाराचा भाता?” एका पठ्ठ्यानं तुमच्याबरोबर म्हणायचा प्रयत्न केला, मध्यावर त्याचा चेहरा टोमॅटो झाला आणि त्यानं हात जोडले. श्वास कुठं गेले ते तुम्हाला आणि मलाच माहीत. दोन ओळींमधला श्वास सगळेच थोडा दाबतात, मी मुळापासून उपटला. तुम्हाला माझी सफाई माहीत आहे. ताई सांगते ना, मी लहानपणी आधी साबण धुवायचो आणि मग अंघोळ करायचो.

एक गंमत राहिली. अगदी सुरुवातीला तुम्ही रेकॉर्डरलाच “चालू झालं का रे?” असं नुसतं बोलता, ते मी जसंच्या तसं ठेवलंय. त्यावर एक बाई लिहिते, “गाणं राहू द्या, या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. माझ्या बाबांचा आवाज असाच यायचा.” लोक गाणं ऐकायला येतात की नाडी बघायला, देव जाणे.

एका सभागृहवाल्यानं कार्यक्रमाबद्दल विचारलंय. काय कळवू?

तुमचा,
बटण

२१ जानेवारी

बटण,

तुझं पत्र ताईनं आधी वाचलं, मग मी, मग पुन्हा ताईनं. ती आता शेजारणीला वाचून दाखवते आहे. लॉन्ड्रीतून चादरींना इस्त्री करून दमून येते आणि आल्या आल्या विचारते, कोणी काही म्हणालं का? मला अक्कल शिकवत होती फोनच्या नादावरून, आणि आता स्वतःच पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसते.

भांडीवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. पाचव्या गाण्याला भाषण म्हणणाऱ्यालाही सांग. खरंच भाषण आहे. मालकांना तोंडावर बोलता येत नाही, म्हणून तिथं बोलून घेतलं. पण तू आधीच बोलायला हवं होतंस, दोन कडवी उडवली असती. माझी भीड कधीपासून वाटायला लागली तुला? लग्नात माझे बूट लपवून किती छळलं होतंस.

टोमॅटोवाला ऐकून हसलो. हसता हसता ठसका लागला, तर ताईनं पाठ चोळून चोळून कातडी काढली. तू श्वास काढलेस ते बरंच केलंस. मी घरी खाटेवर गोधडी डोक्यावरून घेऊन रेकॉर्डरपुढं म्हणायचो तेव्हा मला स्वतःलाच ते आवडायचे नाहीत. एवढ्या एवढ्याशा ओळीनंतर काय धाप लागते माणसाला, असं वाटायचं. तू ते धुऊन टाकलेस, मी पुन्हा तरणा झालो. बादलीभर पाण्याचं काम केलंस.

कार्यक्रमाचं इतक्यात नको. घसा बसलाय. हवा बदलली की होतं असं.

आणि ती बाई, जिच्या बाबांचा आवाज तसा यायचा. तिनं एवढंच लिहिलं होतं की अजून काही? बाबा काय काम करायचे, ते लिहिलंय का? सहज विचारतोय. असलं काही तर पुढच्या पत्रात उतरवून पाठव. विसरू नकोस.

ताई म्हणते स्वेटर घालत जा.

तुझा,
दाजी

२ फेब्रुवारी

दाजी,

तुम्ही ती बाई मनाला लावून घेतलीत, हे माझ्या लक्षात आलं. चूक माझी, तसलं काही लिहायलाच नको होतं. तिनं त्याखाली अजून लांबलचक काहीतरी खरडलं होतं, दगडाच्या कामाबद्दल वगैरे, पण मी पुढचं न वाचता सगळंच्या सगळं पुसून टाकलं. आपल्या पानावर असला अपशकुन कशाला? परत तिनं लिहिलंच तर तेही पुसेन. निश्चिंत राहा.

आता मोठी बातमी. सभागृहवाल्याला मी हो म्हणून टाकलं. मार्चचा शेवटचा शनिवार. एकच अट आहे त्याची, ‘पट्टा’ सगळ्यात शेवटी आणि एका दमात. लोक त्यासाठीच येणार आहेत, पैजा लागल्यात. तुम्ही म्हणाल, बटण, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आहे. तुम्ही फक्त अर्ध्यापर्यंत ओढा, तिथं मी मशीनचा आवाज मोठा करतो, त्याच्या आड तुम्ही गुपचूप श्वास घ्या. कोणाच्या बापाला कळणार नाही. पण आत्तापासून तयारी करा. सकाळी पळायला जा. टेकडी आहे ना तुमच्या मागं? चढा-उतरा. दोन महिन्यांत दम तयार होतो.

कडू मतं बाकी आहेत, तीही घ्या. एक जाणकार म्हणवून घेणारा लिहितो, “खरी कमाल ठोक्याची आहे. रॅपर साधाच आहे, बनवणाऱ्यानं त्याला उभा केलाय.” त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्यात. एकानं लिहिलंय की शब्द काढून नुसतं मशीन ऐकवा. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. एवढी वर्षं भिंतींना गाद्या टांगून, खाली टायरच्या हवेचा सूंसूं आवाज थांबायची वाट बघत बसलो, कधीतरी कोणीतरी माझंही नाव घेतलं.

घसा कसा आहे? गरम पाणी प्या आणि तारीख डोक्यात ठेवा.

बटण

१८ फेब्रुवारी

बटण,

मला जमणार नाही. दुसरा कोणी उभा कर. आवाज कोणाचा आहे हे लांबून कोण बघतं?

ते पुसायला नको होतंस.

मतं पाठवत राहा. तेवढं थांबवू नकोस.

दाजी

२५ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठ्ठी. किराणावाल्याला तरी माणूस यापेक्षा जास्त लिहितो.

मी काही दूधखुळा नाही. ‘रॅपर साधाच आहे’ हे वाचलंत आणि तुमचं बिनसलं. हो ना? अहो, नियम तुमचाच होता, कडू पाठव म्हणून. माझं कौतुक झालं तर तुमच्या पोटात दुखावं? पहिल्या गाण्यापासून तुम्ही पुढं, मी मागं. कोणी विचारलं तर म्हणायचो, मी नुसता बटणं दाबतो. तुम्हीच ठेवलेलं नाव मिरवलं मी. एकदा, फक्त एकदा लोकांनी बटणाचं नाव घेतलं, तर तुमचा घसा बसला.

सभागृहवाल्याला आता काय सांगू? फलक लागलेत. तुमचा फोटो आहे त्यावर, पांढऱ्या केसांचा.

आणि घशाचं नाटक बंद करा. घसा ठणठणीत आहे तुमचा. लोकांसमोर उभं राहायला छाती लागते, ती तुमच्यात नाही, एवढं साधं आहे. तुम्ही गोधडीतलेच वाघ.

यापुढं मतं हवी असतील तर फोन घेऊन जा आणि स्वतः वाचा.

बटण

६ मार्च

बटण,

तुझं शेवटचं पत्र मी फोडलं आणि वाचलं. त्यांना दिलं नाही. देणारही नाही. बंबात घातलं.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. सरळ सांगते. यांच्या छातीत दगडाची भुकटी बसलीय. डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा मी बाजूलाच होते. त्यांनी तो उजेडात धरला आणि बोटानं दाखवलं, इथं, इथं आणि हे सगळं. पांढरं दिसत होतं. मला वाटलं ते चांगलं असेल. औषध काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, काम सोडा आणि सांभाळून राहा. उपाय नाही त्यावर. बसलेली धूळ निघत नाही.

हे कधी कळलं माहीत आहे? तुझ्या पहिल्या पत्रानंतर. त्या बाईचं मत ते दोन दिवस पुन्हा पुन्हा काढून वाचत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल जरा जाऊन येऊ. त्याआधी मी वर्षभर कानीकपाळी ओरडत होते, तर खोकला आहे गं, खोकला कोणाला होत नाही, म्हणून मला उडवून लावायचे. माझं ऐकलं नाही, त्या कोणाचं तरी ऐकलं. मग त्यांना जाणून घ्यायचं होतं की तिच्या बाबांचं पुढं काय झालं. किती दिवस निघाले, कसे निघाले. डॉक्टर असं काही सांगत नाहीत, म्हणतात माणसामाणसावर असतं. तिनं लिहिलं होतं, आणि तू न वाचता पुसलंस. तुझ्यावर रागावले नाहीत ते. मीच रागावले.

आता ते बसून झोपतात. उशांचा डोंगर करते मी. न्हाणीघरापर्यंत जाऊन आले की खाटेच्या कडेला हात टेकून थांबतात, आणि मी बघत नाही असं दाखवते. तू त्यांना टेकडी चढायला सांगितलीस. तेही त्यांनी करून बघितलं, बटण. दुसऱ्या वळणावर बसले. दोघा माणसांनी उचलून आणलं.

ये. पण त्यांच्यासमोर रडायचं नाही. आणि येताना मतं घेऊन ये. चांगली आण. तुमचा तो नियम गेला खड्ड्यात.

ताई

१४ एप्रिल

बटण,

तू सभागृहवाल्याला नाही कळवून आलास, राहिलास, बरं वाटलं. तू रडणार नाही म्हणून ताईला शब्द दिला होतास ना? मग न्हाणीघरात नळ सोडून अर्धा तास काय करत होतास? एवढा स्वच्छ माणूसही इतका वेळ तोंड धूत नाही.

हे मी थोडं थोडं लिहितोय. एक ओळ झाली की थांबतो. आता पत्रातसुद्धा श्वास घ्यावा लागतो, आणि ते तुला कापता येणार नाहीत.

एक मत तुझ्या यादीत नव्हतं, ते मी पाठवतो. माझ्या मशीनवर आता जो काम करतो तो परवा भेटायला आला होता. तो सांगत होता, मालकांनी कारखान्यात मोठा स्पीकर लावलाय आणि दिवसभर आपला अल्बम चालू असतो. मला क्षणभर इतका आनंद झाला म्हणून सांगू! मालकांना पाचवं गाणं कळलं, असं वाटलं. तर तसं नव्हतं. पात्यावर पाण्याची नळी सोडा, धूळ बसेल, अशी मागणी पोरांनी पुन्हा केली. पाण्यानं चिखल होतो, फरशी वाळायला वेळ जातो, म्हणून मालकांना ती नको असते. त्यांनी ‘पट्टा’ लावला. म्हणाले, ऐका, दाजीची उमर गेली या मशीनवर, कोरड्या पात्यावर. ऐका त्याची छाती. एका दमात म्हणतो. तुम्हाला कसला खोकला होतो?

पोरं परत मशीनवर गेली. काय करतील? त्यांच्या कानांनी ऐकलं त्यांनी.

मी त्याला म्हणालो, अरे, माझ्याकडे बघ. तो म्हणाला, दाजी, तुमचं वेगळं, तुम्हाला आत्ता आत्ता काहीतरी झालं असेल. गाणं तर परवाचंच आहे. असं म्हणत तो खोकला. बटण, मला तो खोकला ओळखता येतो रे.

ती बाई मला कान लावून सांगत होती, आणि तू आणि मी मिळून सगळ्या कारखान्याला उलटं सांगितलं. मुद्दाम केलं नाही. छान दिसावं म्हणून केलं.

तर आता एक कर. ते श्वास परत घाल. जिथले तिथं, जेवढे होते तेवढे, कितीही घाण वाटू देत. जुना अल्बम काढून टाक आणि हा ठेव. तुझ्याकडे आहेत का ते? की धुऊन टाकलेस? असतील अशी आशा करतो. तू वस्तू स्वच्छ करतोस, पण फेकत नाहीस. लग्नातला माझा एक बूट अजून तुझ्याकडे आहे.

घाई कर, असं म्हणत नाही. पण कर.

दाजी

३ मे

दाजी,

होते. सगळे होते. कापलेलं मी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि त्याला ‘कचरा’ असं नाव देतो. तुमचा वर्षभराचा श्वास माझ्याकडे कचरा म्हणून पडून होता.

परत घालण्याआधी मी ते एकामागून एक लावून ऐकले. नुसते श्वास, शब्द नाहीत, ठोका नाही. पहिल्या गाण्यातले भरभक्कम आहेत, माणूस पाण्यात सूर मारण्याआधी घेतो तसे. मग ते आखूड होत जातात. सहाव्या गाण्यापाशी मागून एक बारीक करकर सुरू होते. मला आठवतं, ती मी ऐकली होती. मला वाटलं माइकची वायर खराब झालीय. मी नवी वायर पाठवली, दाजी. करकर गेली नाही, म्हणून मी श्वासच मुळापासून कापायला लागलो. लोक मला म्हणतात, काय कान आहे! वर्षभर हेडफोन लावून मी तुमच्या छातीवर कान ठेवून बसलो होतो, आणि जिनं एक वाक्य ऐकलं तिला कळलं.

मी फार वाईट पत्र लिहिलं होतं तुम्हाला. ताई म्हणते तिनं ते जाळलं. मला ते पाठ आहे.

आता नवा अल्बम. जुना काढला, हा लावला. वर लिहिलं की दाजी दगड कापण्याच्या कारखान्यात काम करत होते, त्यांच्या छातीत धूळ बसलीय, त्यांच्या सांगण्यावरून हे श्वास परत घातले आहेत, आधीचा आवाज खरा नव्हता.

मतं पाठवतो. तुम्ही चांगली मागितली नाहीत आणि माझ्याकडे ती नाहीतही. “मिक्सिंगची वाट लावली.” “आधीचं परत लावा, हे ऐकवत नाही.” “कुत्रं पळून आल्यासारखं वाटतं.” “म्हणजे तेव्हा फसवलं आम्हाला.” ते सर्वांत जास्त आहे, फसवलं. पैजा लावणारे एकमेकांशी भांडतायत. टोमॅटोवाल्यानं लिहिलंय, “सहानुभूतीसाठी माणूस काय काय करतो.” भांडीवाल्या बाईंनी लिहिलं की पाच मिनिटं ऐकलं, मग बंद केलं, घरात आजारी माणूस असल्यासारखं वाटायला लागलं. त्या एकट्याच खरं बोलल्या.

ऐकणारे आता थोडेच राहिलेत. मी कारखान्यातही गेलो होतो, नवा अल्बम घेऊन. मालक नम्रपणे बोलले, खुर्ची दिली. स्पीकरवर जुनाच चालू होता. मी म्हणालो, हा काढा, हा खोटा आहे. ते म्हणाले, पोरांना हाच आवडतो. आणि खरंच, पोरांच्या फोनमध्येही जुनाच आहे. एकाला मी नवा ऐकवला. त्यानं अर्धं गाणं ऐकून हेडफोन काढून दिला आणि म्हणाला, साहेब, काम करताना जोश येईल असं पाहिजे.

जे एकदा लोकांच्या फोनमध्ये गेलं, ते मला पुसता येत नाही. मला. पुसण्यात ज्याचा हात कोणी धरणार नाही त्याला.

त्या बाईची रोज वाट बघतो. तिचं पुसलेलं परत आणता येतं का तेही विचारून आलो. येत नाही. ती पुन्हा फिरकली नाही.

उरलेलं येऊन सांगतो. शनिवारी निघतो. नवा अल्बम शेजारणीच्या फोनवर पाठवलाय, ताईला लावायला सांगा. तुमचं मत हवंय. एवढं एकच मत हवंय आता.

तुमचा,
बटण

११ जून

बटण,

तू गेलास त्या दिवसापासून घरात कोणी मोठ्यानं बोललेलं नाही. शेजारीण हळू आवाजात विचारते, जेवलीस का? मी हो म्हणते. कामावर परत जायला लागले. चादरी तशाच येतात, तशाच जातात.

तू विचारलं होतंस त्यांचं मत. तू शनिवारी पोचलास तेव्हा ते बोलायच्या पलीकडे होते, आणि मला ते सांगायचं राहून गेलं. त्यांनी ऐकलं होतं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी लावून दिलं. पहिली दोन गाणी डोळे मिटून ऐकली. लोकांची मतंही मी वाचून दाखवली, गाळली नाहीत. कुत्र्याचं ऐकून हसले. म्हणाले, बरोबर ओळखलं. मग म्हणाले, बटणला सांग, आता मीच आहे हा. एवढंच. तिसऱ्याच्या आधी त्यांना झोप लागली.

अजून एक तुला माहीत नाही. त्यांना नेताना तू पुढं गाडीत होतास. कारखान्यातली पोरं आली होती ना, सगळी, पांढऱ्या केसांनी, तशीच कामावरून उठून. निघताना त्यांनी मागच्या टेम्पोत स्पीकर ठेवला आणि ‘पट्टा’ लावला. जुना. मोठ्यानं. ज्यात ते थांबतच नाहीत. एक जण रडत मला म्हणाला, वहिनी, काय छाती होती आमच्या दाजींची! त्यालाही खोकला आहे. मी मान हलवली.

तुम्ही दोघं कोणाकोणाची मतं गोळा करत बसलात. मला कधी विचारलं नाहीत. माझं मत आता देते.

काल मी पहिल्यांदा नवा अल्बम एकटीनं बसून ऐकला. बाकी लोकांना काय वाटायचं ते वाटू दे, मला तो आवडला. मी याच माणसाबरोबर राहत होते. जुना ऐकताना मला नेहमी वाटायचं, हा कोण परका घाईघाईनं बोलतोय.

पण ‘पांढरा’मध्ये एक श्वास आहे. “कुठला हा म्हातारा?” झाल्यावर, बादलीच्या आधी. बाकीच्यांपेक्षा लांब आहे. तू तो परत घातलास, तुला तो गाण्यातला वाटला असणार. तो गाण्यातला नाही. त्या दिवशी ते खाटेवर गोधडी घेऊन म्हणत होते, आणि मी पडदा सरकवून विचारलं होतं, “बरं वाटतंय ना?” त्यांनी आधी श्वास भरून घेतला आणि मग म्हणाले, “मस्त.” मी पडदा लावला आणि पोळ्या करायला गेले. माझा प्रश्न तू कापलास, त्यांचं उत्तर कापलंस, ते बरोबरच होतं. मधला श्वास तेवढा राहिला. वर्षभर मी विचारत होते आणि दर वेळी ते तसाच श्वास घेऊन मस्त म्हणायचे. मला तो झोपेतही ओळखता येईल.

बाकीचे सगळे राहू देत. लोकांनी ऐकले नाहीत तरी राहू देत. हा एवढा काढ. माझ्याशी खोटं बोलण्यासाठी घेतलेला तो श्वास आहे, तो मी कोणाला देणार नाही. काढलास की मला पाठव.

आणि या वेळी त्या ‘कचरा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवू नकोस.

ताई